मानेमागची त्वचा

न्यूरॉलॉजीच्या रेसिडेंटचा आमच्या लॅबमध्ये फोन आला तेव्हा त्याने रेबीजचं नावही काढलं नव्हतं. "मॅडम, जीबीएस म्हणून पेशंट घेतलाय, आयव्हीआयजी चालू आहे, पण काहीतरी जुळत नाहीये." जीबीएस म्हणजे गियाँ-बारे, शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवर उलटते तो आजार; आयव्हीआयजी म्हणजे त्यावर शिरेतून देतात त्या दात्यांच्या अँटीबॉडी. पायांपासून वर चढत गेलेला लकवा गियाँ-बारेसारखाच होता. पण ताप हटत नव्हता, लघवी सुरुवातीपासूनच अडकलेली, आणि छातीच्या स्नायूवर हातोडी मारली की तिथे क्षणभर उंचवटा यायचा.

"कुत्रं वगैरे चावलं होतं का, विचारलंत?"

थोड्या वेळाने परत फोन. पेशंटच्या बायकोला आठवलं होतं: दोनेक महिन्यांपूर्वी एका पिल्लाने पोटरीला दात लावले होते. पिल्लू पुढे मेलं. लस घेतली नव्हती, एवढंसं तर पिल्लू! पाण्याला पेशंट घाबरत नव्हता, म्हणून कोणाला शंकाच आली नाही. पण साधारण २० टक्के रुग्णांमध्ये रेबीज असाच लकव्याच्या रूपात येतो, आणि तिथेच सगळे फसतात.

मी नमुने सांगितले: लाळ, रक्त, मणक्यातलं पाणी आणि मानेमागच्या केसांच्या रेषेवरची पंच बायोप्सी, म्हणजे त्वचेचा छोटा गोल तुकडा, केसांच्या मुळापर्यंत खोल. लाळ कोरड्या निर्जंतुक डबीत, त्वचा सलाईनने ओलसर केलेल्या गॉजवर, सगळं बर्फात. फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका, हे मी तीनदा बजावलं. बायोप्सी म्हटलं की हात आपोआप फॉर्मॅलिनच्या बाटलीकडे जातो, हा माझा अनुभव आहे.

लाळेची आरटी-पीसीआर निगेटिव्ह आली. आयव्हीआयजीच्या आधी काढून ठेवलेल्या मणक्यातल्या पाण्यात अँटीबॉडी नाहीत. रक्तात मात्र थोड्या सापडल्या, पण ते रक्त आयव्हीआयजी सुरू झाल्यावर काढलेलं. आयव्हीआयजी अनेक दात्यांच्या प्लाझ्मापासून बनतं. त्यातल्या कोणी रेबीजची लस घेतलेली असेल, तर त्याच्या अँटीबॉडी आमच्या पेशंटच्या नावावर जमा होणार. तो रिपोर्ट जवळजवळ बिनकामाचा.

"मग रेबीज नाही असं लिहू का, मॅडम?"

नाही लिहायचं. लाळेत विषाणू सतत येत नाही, आज नाही तर उद्या सापडतो, म्हणून नमुने पुन्हा पुन्हा घ्यायचे. अँटीबॉडी तर आजार चढला तरी बरेच दिवस तयार होत नाहीत. काही जण त्याआधीच जातात. जिवंत माणसात एकच टेस्ट करून 'नाही' म्हणता येईल असा आजारच नाही हा.

त्वचेचं काम मी स्वतः केलं. क्रायोस्टॅटवर, म्हणजे गोठवून कापणाऱ्या यंत्रावर, पातळ सेक्शन कापायचे, गार अ‍ॅसिटोनमध्ये फिक्स करायचे, कॉन्ज्युगेट, म्हणजे विषाणूला चिकटून चमकणाऱ्या अँटीबॉडी, घालून ३७ अंशांवर अर्धा तास ठेवायचं, धुवायचं आणि अंधाऱ्या खोलीत बसायचं. पहिल्या काही सेक्शनमध्ये काहीच नव्हतं. केसांची मुळंच नसलेले सेक्शन बघून उपयोग नाही, कारण विषाणू मेंदूतून मज्जातंतूंवाटे उलटा बाहेर येतो आणि मुळाभोवतीच्या तंतूंच्या जाळ्यात सापडतो. आणखी खोल कापत गेले. मग एका केसाच्या बुडाशी, काळ्या पार्श्वभूमीवर, सफरचंदी हिरवे बारीक ठिपके दिसले, तंतूच्या रेषेत एकामागे एक. कंट्रोल स्लाइड पुन्हा लावून पाहिल्या, सहकाऱ्याला बोलावून दाखवलं. पॉझिटिव्ह. पुढच्या लाळेची पीसीआरही पॉझिटिव्ह आली.

"निदान झालं तरी पेशंट वाचणार नाही, मग एवढा खटाटोप कशाला?" असं वॉर्डातले एक वरिष्ठ म्हणाले. हा प्रश्न मला दरवेळी चीड आणतो. त्या घरातल्यांना प्लाझ्मा एक्स्चेंजची, म्हणजे रक्तातला प्लाझ्मा काढून बदलायची, तयारी ठेवायला सांगितलं होतं, ती थांबली. काय झालंय हे त्यांना स्पष्ट सांगता आलं. नळी घालताना, सक्शन करताना लाळ कोणाच्या डोळ्यात-तोंडात गेली, कोणाच्या जखमेला लागली, याची यादी झाली आणि त्या लोकांना लस मिळाली. ज्यांनी नुसता हात धरला होता, त्यांना गरज नाही हेही सांगता आलं, तेही तितकंच महत्त्वाचं.

पेशंट गेल्यावर नातेवाइकांनी कवटी उघडायला नकार दिला, पण मानेमागून कवटीच्या बुडाच्या छिद्रातून सुईने नमुना घ्यायला परवानगी दिली. मेंदूच्या खोडाच्या आणि लहान मेंदूच्या ऊतींवर तीच फ्लुरोसंट टेस्ट स्वच्छ पॉझिटिव्ह आली. शिकाऊ मुलं नेग्री बॉडीज, म्हणजे रेबीजमध्ये मेंदूच्या पेशींत दिसणारे ठिपके, बघायला जमली होती. १९०३ पासून त्या पुस्तकात आहेत, परीक्षेत हमखास विचारतात, पण कित्येक केसमध्ये दिसतच नाहीत आणि आम्ही त्यांच्यावर विसंबत नाही.

रिपोर्ट न्यायला आलेल्या भावाशी बोलताना मी सहज विचारलं, त्या पिल्लाने आणखी कोणाला ओरबाडलं होतं का? तो आठवू लागला. शेजारच्या मुलाच्या हाताला, त्याच दिवशी. लस? नाही. दोन-अडीच महिने झाले असले तरी लक्षणं नसतील तोवर लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन) दोन्ही द्यायची असतात. मी त्याच्यासमोरच मुलाच्या घरी फोन लावायला लावला, आणि त्याच संध्याकाळी मुलाला दोन्ही मिळाल्याचं ओपीडीतून कळलं.