डायमंड सुटला: कधी लाल, कधी हिरवा बिल्ड

मागच्या नोंदीत एक लहरी बिल्ड (कोड कंपाइल करून टेस्ट चालवण्याची फेरी) होता: कधी लाल म्हणजे फेल, कधी हिरवा म्हणजे पास. त्याचं मूळ सापडलं. संशय टेस्टवर होता, दोष ट्रिगरचा, म्हणजे बिल्ड कधी सुटतो त्याचा, निघाला.

कोण कोणावर अवलंबून, याचा आलेख डायमंडच्या म्हणजे चौकटच्या आकाराचा. ‘पाया’ बदलला की ‘जाळे’ आणि ‘साठा’ बिल्ड होतात, त्या दोघांवर ‘मुख्य’. जाळे २ मिनिटांत उरकतं, साठ्याला ९ लागतात. जाळे संपताच मुख्य सुटतो आणि साठ्याचं ‘शेवटचं यशस्वी’ आर्टिफॅक्ट (बिल्डमधून तयार झालेली फाइल) उचलतो. ते पायाच्या जुन्या हेडरवर (सामायिक व्याख्यांच्या फाइलवर) कंपाइल झालेलं. नव्या हेडरात पायाच्या एका स्ट्रक्टमध्ये (डेटाच्या साच्यात) ८ बाइटचं फील्ड वाढलंय. सी-चा लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्रॅम) टाइप बघत नाही, त्यामुळे लिंक बिनबोभाट होते आणि टेस्टमध्ये सेगफॉल्ट, म्हणजे मेमरीच्या चुकीने प्रोग्रॅम कोसळतो. साठा संपला की मुख्य पुन्हा धावतो, या वेळी हिरवा. अशा टेस्टला ‘फ्लेकी’ (भरवशाची नाही) म्हणून मोकळं होणं फार सोपं असतं.

बिल्ड आपोआप चालवणाऱ्या जेनकिन्सचा क्वाएट पीरियड (बिल्ड सुरू करण्याआधी थांबायचा वेळ) ५ सेकंदांवरून १० मिनिटांवर नेणं हा जुगाड आहे. रांग तुंबली की पुन्हा तेच. ‘अपस्ट्रीम (ज्यावर आपण अवलंबून तो) बिल्ड चालू असताना थांबा’ हा पर्याय अप्रत्यक्ष डिपेंडन्सीही धरतो, पण फ्रीस्टाइल (फॉर्म भरून बनवलेल्या) जॉबपुरता. मुख्य पडला पाइपलाइन, म्हणजे स्क्रिप्टने लिहिलेला जॉब. शिवाय साठाच फेल झाला, तर थांबूनही जुनाच माल हाती येणार.

लागू पडलेला उपाय साधा आहे. जाळे आणि साठा आपापल्या आर्टिफॅक्टबरोबर एक छोटी फाइल ठेवतात, तिच्यात पायाचा पूर्ण कमिट हॅश (कोडच्या त्या नेमक्या आवृत्तीचा ओळख क्रमांक). मुख्यच्या पहिल्याच स्टेजमध्ये दोन्ही हॅश ताडायचे. जुळले नाहीत तर कंपाइल न करता निकाल ‘नॉट बिल्ट’. ‘फेल्युअर’ नको, नाहीतर फुकटचे मेल सुटतात. चुकीची जोडी आता काही सेकंदांत बाहेर पडते, हे बघायला मजा येते!

दुसरी आडकाठी हेडरमध्ये: ‘पाया_सुरू’ हा मॅक्रो (कंपाइल होण्याआधी बदलला जाणारा शब्द) ‘पाया_सुरू_७’ या फंक्शनकडे वळवलाय. स्ट्रक्ट बदलला की आकडा वाढवायचा. जुना साठा ‘_६’ मागतो आणि लिंकिंगलाच ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ (असं नाव सापडत नाही) येतो. आकडा हातानेच वाढवावा लागतो, तेवढी उणीव.

हे लिहितानाच एक भोक दिसतंय: पायावर कमिट सतत येत राहिले तर जोडी कधी जुळायचीच नाही. म्हणजे ‘शेवटचं यशस्वी’ हेच काढून टाकायला हवं. आर्टिफॅक्ट पायाच्या हॅशच्या नावाने फोल्डरात ठेवायचे आणि मुख्यने दोन्ही हजर असलेला सर्वांत नवा हॅश घ्यायचा. फोल्डरच्या नावात कंपाइलरची आवृत्ती आणि फ्लॅगही (त्याला दिलेले पर्याय) हवेत, नाहीतर डीबग आणि रिलीजची सरमिसळ होईल. आता आधी हे.