चोर्ला घाट चढून आलेलं शीड

बेळगावच्या शहापुरात आमचं ताडपत्री आणि सीट कव्हरचं दुकान आहे. दिवाळीनंतर ट्रकवाल्यांची गर्दी, त्यात डोकं वर काढायला होत नाही. अशाच एका गारठ्याच्या सकाळी गोव्याची जीप दारात लागली. साठीचं जोडपं, मागं दोन कुत्री, टपावर गुंडाळलेलं होडीचं शीड. पणजीहून होडीनं कोचीला निघालेले. दुपारी वायव्येचे खारे वारे, पहाटे मतलई. दक्षिणेला जायला हाच मोसम, बाई सांगत होत्या.

शीड डेक्रॉनचं, म्हणजे पॉलिस्टरच. कापड करकरीत, पण उन्हानं दोरा मेलेला. नखानं ओढला की भुगा. आधी कुणीतरी नायलॉनचा दोरा घालून सरळ टाका मारलेला. असलं काम बघितलं की मला राग येतो. वाऱ्यानं कापड ताणतं, सरळ टाका ताणत नाही, तटकन जातो. तिथं नागमोडी टाकाच हवा. आणि उन्हात नायलॉन पॉलिस्टरच्या आधी कुजतो. पट्ट्या दुहेरी चिकटपट्टीनं बसवून घेतल्या. मी मशीनवर, दोन पोरं शीड सरकवायला. चार वाजले.

मग बाईंनी कुत्रीचं लाईफ जॅकेट पुढं केलं. पाठीवरचं हँडल एका बाजूनं उसवलेलं.

"एवढं घालून द्या की, आप्पा."

म्हातारी कुत्री होडीतल्या मॅटवर काही केल्या लघवी करत नाही. दिवसातून दोनदा छोट्या होडीतून किनाऱ्यावर न्यायची, आणि चढउतार करताना या हँडलनंच उचलायची. चोवीस किलोची. बनवणाऱ्यानं हँडल नुसतं वरच्या कापडाला शिवलं होतं! रंग झगझगीत, आत काही नाही, आणि लोक रंग बघूनच घेतात.

मी पोटाखालून जाणाऱ्या पट्ट्यालाच हँडल जोडलं, म्हणजे भार गळ्यावर न येता पोटावर येतो. दोन्ही टोकांना चौकोन मारून आत फुली. तीस किलो वाळूचं पोतं टांगून ठेवलं. मग तिलाच उचललं. चारी पाय ताठ सोडून ती माझ्याकडं बघत राहिली, कुईं केलं नाही.

उजवी बाजू मनासारखी झाली. डावीकडं जुन्या सुईच्या भोकांची ओळ होती. पट्टा बदलायचा तर बक्कल काढायला हवं, आणि त्यांना उजेडात घाट उतरायचा होता. भोकं सोडून अर्धा इंच आत दोन ओळी मारल्या आणि दिलं. थांबा, रात्री इथंच राहा, असं मी म्हणायला पाहिजे होतं.

काल कारवारहून फोन आला. शीड छान भरतंय. मी आधी जॅकेट विचारलं, डाव्या बाजूचा फोटो मागवला. टाका जागेवर आहे, पण भोकं थोडी लांबट झाल्यासारखी वाटतात. ओल्या पट्ट्याचं तसं दिसतं, हेही खरं. मालपेला पोचले की कोरड्या पट्ट्याचा पुन्हा फोटो पाठवा म्हटलंय, आणि तोवर तिला उचलताना खालून हात लावा.