पोट्टा कामठीत ट्रेनिंगला, अन् पगाराचा हिशोब साऱ्या मोहल्ल्याला

पोरगा फौजेत चार वर्षांसाठी अग्निवीर म्हणून लागला म्हटलं की लोकं पहिल्या वाक्यात अभिनंदन करतात अन् दुसऱ्यात पगार विचारतात. आमच्या नागपूरच्या नंदनवनात दूधवाल्यापासून साऱ्यांचं विचारून झालं. तीस हजार म्हटलं की डोळे मोठे, मग हातात एकवीसच येते म्हटलं की असे पाहतात जसे वरचे नऊ मीच खाल्ले.

तं बाप्पा एकदाचं लिहूनच टाकतो. पहिल्या वर्षी महिन्याला ३०,०००, त्यातले ९,००० अग्निवीर कॉर्पस फंडात कटतात आणि तेवढेच सरकार आपल्याकडून टाकते. दरवर्षी थोडं वाढत चौथ्या वर्षी ४०,०००, तेव्हा हातात २८,०००. चार वर्षं झाली की दोन्हीकडचे मिळून साधारण १०.०४ लाख अन् वरून व्याज, त्याला सेवा निधी म्हणतात, त्यावर इन्कम टॅक्स नाही. पण पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही. मधातच स्वतःहून सोडून आला तं सरकारचा वाटा गेला. आणि पुढे पक्कं व्हायचं तं बॅचमधल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांत नंबर लागला पाहिजे.

आता हे सगळं माहीत असूनही माझे साळेबुवा मागे लागले की उमरेड रोडला प्लॉट घेऊन टाका, एनआयटीची (नागपूर सुधार प्रन्यासची) आरएल म्हणजे रिलीज लेटर आहे, पोराच्या पगारावर लोन होऊन जाईल. नागपुरात कोणाच्याही घरी दोन पैसे येऊन राहिले असं दिसलं की चार लोकं प्लॉटच दाखवतात, दुसरं काही सुचतच नाही. म्हटलं साळेबुवा, नोकरी चार वर्षांची, हप्ते पंधरा वर्षांचे, पाचव्या वर्षी कोण भरणार, तुम्ही? तेव्हापासून ते जरा कमी बोलून राहिले. चालते.

खरी अडचण पगाराची नाहीच, अडचण ही की ट्रेनिंगमध्ये पोरगा विचारायला सापडतच नाही. आमचा तं कामठीलाच आहे, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सच्या सेंटरला. ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत मेट्रो, तिथून पुढे ऑटो, इतकं जवळ. म्हणून लोकं म्हणतात, अरे मग जाऊन सही घेऊन ये ना. काहून बाबा, ते काय हॉस्टेल आहे का? फोन जमा असतो, रविवारी थोडा वेळ मिळते, त्यातला अर्धा त्याच्या आईचा जेवलास का, खोकला गेला का यातच जाते. मी मधात घुसून बँकेचं विचारलं की दोघंही चिडतात.

म्हणून ज्यांचे पोरं आता जाणार आहेत त्यांना सांगतो, पैशाचं जे काही बोलायचं ते जायच्या आधीच बोलून घ्या. सगळ्यात मोठी भानगड ओटीपीची. पोराचं जुनं खातं, त्याचं यूपीआय, सगळं त्याच्या नंबरवर, अन् तो फोन बंद होऊन तिकडे जमा. आम्ही तो जायच्या आधीच बसून ठरवलं की त्याच्या खात्यातून काही काढायचं नाही, फक्त टाकायचं, कारण टाकायला ओटीपी लागत नाही. गाडीचा हप्ता त्याच्याच खात्यातून कटते, तं मी तारखेच्या दोन दिवस आधी पैसे टाकून देतो, हप्ता बाउन्स झाला की दंड वेगळा अन् सिबिल खराब होते ते वेगळं. आणि त्याच्या सिमचा रिचार्ज मी इकडून मारत राहतो, फोन वापरात नाही म्हणून नंबरच हातचा गेला तं सगळं बसलं. पिन मात्र मी मागितला नाही, मागणारही नाही.

पगाराचं खातं वेगळं असते, आर्मीने अकरा बँकांशी अग्निवीर सॅलरी पॅकेजचा करार केला आहे, त्यातल्याच एकात ते उघडते. कागदपत्रं होईपर्यंत पहिल्या पगाराला वेळ लागू शकते, घाबरायचं नाही. तेवढ्यात लागणाऱ्या खर्चासाठी, म्हणजे साबण, बुटाचं पॉलिश, कटिंग असलं, थोडी कॅश जातानाच खिशात द्या, फार नको.

अजून एक. माझ्या मोठ्या भावाला फोन आला, हिंदीत, एकदम कडक आवाज, मैं सेंटर से बोल रहा हूँ, लडके को ट्रेनिंग में चोट लगी है, इस नंबर पे बीस हजार डालो. भाऊ गूगल पे उघडूनच बसला होता. वहिनीने मध्येच विचारलं की लडके की कंपनी (म्हणजे फौजेतली तुकडी) कौनसी है, तं तिकडून फोन कट. जखमी झालेल्या जवानाच्या इलाजाचे पैसे फौज घरच्यांना मागत नसते, मिलिटरी हॉस्पिटल असते त्याला. हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधीच सांगून ठेवा, बहुतेक त्यांनाच असे फोन जातात.

विम्याचंही एक आहे, ४८ लाखांचा, त्याचा हप्ता पोराच्या पगारातून जात नाही. त्याच्या नॉमिनीचा विषय निघाला की बायको स्वयंपाकघरात निघून जाते. त्याच्यावर जास्त लिहीत नाही.

घरात भांडण एकाच गोष्टीवर आहे. पोरगा म्हणते पंधरा हजार घरी पाठवतो, ताईच्या कॉलेजला होतील. आई म्हणते पाठवू दे, त्याला बरं वाटते. मी म्हणतो बहिणीची फी माझं काम आहे, त्याने आरडी लावावी, चार वर्षांनी तेवीसाव्या वर्षी घरी आला तं सेवा निधीच्या वर हातात काहीतरी स्वतःचं पाहिजे. शेवटी पाच हजारावर तोडगा निघाला, तोही सुटीत आल्यावर लिहून घेऊ म्हणे.

गाडी विकायची म्हटलं तं आरसी त्याच्या नावावर, त्याच्या सहीशिवाय होत नाही. उभी ठेवली तं बॅटरी जाते म्हणून आता पोरगीच ती कॉलेजला नेऊन राहिली. हप्ता मी, पेट्रोल मी, अन् परवा म्हणते, पप्पा सीट कव्हर बदला.