खिडकी मीच उघडली

क्षयरोगाच्या कामात अर्धा दिवस गोळ्यांत नाही, बेडका मागण्यात जातो. लोक डबीत लाळ थुंकून देतात. आम्हाला हवा सकाळचा, छातीतून खाकरून काढलेला, चिकट. डबी उजेडाला धरली की नमुना चालणार की परत येणार, हे मला लगेच कळतं. एवढा एक गर्व मी बाळगून आहे.

मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतीत त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर गेले. त्याच मजल्यावरची माझी ही तिसरी पेशंट. वय १९, वजन ३३ किलो. म्हणजे दिवसाला दोनच गोळ्या. तिसरी ३५ किलोपासून. २२५ चौरस फुटांत पाच माणसं, आणि सकाळी अकरा वाजता ट्यूबलाइट चालू.

पाठ झालेलं बोलून टाकलं: तोंडाला रुमाल बांध, अंडी खा, उन्हात बस, खिडकी उघडी ठेव. पोषणासाठी सरकार महिन्याला १००० रुपये देतं, तेही सांगितलं. आधी ५०० होते. तिचे दोन महिने झाले तरी आले नव्हते. बँक खातं आधारला जोडलेलं नाही. ते जोडायचं तर आईचा खाडा होतो, धुण्याभांड्याची चार घरं बुडतात. झारखंडात पेशंटच्या घरच्यांनाही धान्य दिलं तर त्यांच्यातला क्षय जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी झाला, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात. आणि इथे आम्ही आधार जोडत बसतो.

"खिडकी उघडत का नाही?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. आई काही बोलली नाही. मग मीच कडी काढली.

आधी वास आला. खाली दोन इमारतींच्या बोळात कचऱ्याचा थर, वर ठिबकणारा पाइप. समोर दुसरी खिडकी, तिच्यातल्या कुकरची शिट्टी जणू याच घरात वाजली. मी आपली बोलतच होते, "आणि बेडक्याची डबी उद्या सकाळी…"

समोरून आवाज आला, "काय गं, टीबी झालाय का पोरीला?"

आईने खिडकी लावून घेतली. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "म्याडम, पुढच्या महिन्यात पाहुणे येणार होते बघायला."

अशा वसाहतींवर अभ्यास झालेत. इमारती इतक्या खेटून बांधल्या की ऊन-वारा पोचत नाही आणि क्षय वाढतो, हे कागदावर आलंय. नकाशे पास करणाऱ्यांपैकी कुणाला दुसऱ्या मजल्यावर जाऊन बेडका मागावा लागत नाही. पण त्या दिवशी ओरडले मी होते, नकाशा नव्हे.

फॉर्मवर रकाना असतो: हवेशीर खोलीबाबत समुपदेशन केले का? मी 'होय' लिहिलं.

पंधरा दिवसांनी गेले तेव्हा वजन ३५ भरलं होतं. खिडकीच्या फटींवर चिकटपट्टी होती. मुलगी कुजबुजली, "हळू बोला हं."