‘इजा नाही’चा रकाना

माझ्या नोकरीबद्दल नातेवाइकांचा समज असा आहे की मी दिवसभर ‘हेल्मेट घाला, हेल्मेट घाला’ करत फिरतो. सोलापूरच्या एमआयडीसीत टॉवेलचं एक प्रोसेस हाउस आहे, म्हणजे टॉवेल धुण्या-रंगवण्याचा कारखाना, तिथे मी सेफ्टी ऑफिसर. कामगार ठरावीक आकड्यावर गेले की कायद्याने एक ठेवावाच लागतो, म्हणून मी आहे. पण माझं निम्मं काम परचेसवाल्यांच्या टेबलावर चालतं, हे बाहेर कुणाला पटत नाही. माणूस टाकीत काय घेऊन उतरणार, हे तो उतरायच्या तीन महिने आधी एसीत बसून ठरलेलं असतं.

मे महिन्याच्या शटडाउनमध्ये ईटीपीची, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटची, इक्वलायझेशन टाकी साफ करायची होती. सगळ्या मशिनींचं सांडपाणी पहिल्यांदा एकत्र येतं ती ही टाकी. साडेचार मीटर खोल, वरून स्लॅब, दोन मॅनहोल. तळाला हवा सोडणारे डिफ्यूजर असतात. ते चोंदले होते. काढा, धुवा, फाटलेले बदला, गाळ उपसा.

ठेकेदारांना दर विचारणाऱ्या एन्क्वायरीत मी एक वेगळी ओळ घातली होती : ट्रायपॉड (मॅनहोलवरची तिपाई), विंच (माणूस वर ओढायची दोराची चरखी), फुल बॉडी हार्नेस (अंगभर बांधायचे पट्टे), दोन गॅस डिटेक्टर. दोन ठेकेदारांचे कोटेशन आले. एकाने या ओळीपुढे प्रामाणिकपणे रक्कम लिहिली. दुसऱ्याने ‘रेटमध्ये समाविष्ट’ असं लिहिलं आणि एकूण स्वस्त पडला. परचेसचा आमचा माणूस वाईट नाही, पण त्याला तक्त्यात सगळ्यात खालचा आकडाच दिसतो. काम दुसऱ्याला गेलं. पीओच्या, म्हणजे परचेस ऑर्डरच्या, मागच्या पानावर नेहमीचं वाक्य छापलेलं होतंच, ‘सुरक्षेची संपूर्ण जबाबदारी ठेकेदाराची राहील’. हे वाक्य वाचून वरच्या लोकांना शांत झोप लागते. तेव्हाच्या कारखाना कायद्यात मात्र ठेकेदारामार्फत आलेला माणूसही आपलाच कामगार धरलेला होता. हे मी मीटिंगमध्ये बोललो. मग टेक्निकल अप्रूव्हलवर सही केली. ती सही माझी आहे, हेही लिहून ठेवतो.

कामाच्या आदल्या संध्याकाळी ठेकेदाराचा टेम्पो आला. त्यात फावडी, बादल्या, गमबूट, नायलॉनचा दोर आणि २३० व्होल्टचा हॅलोजन. ट्रायपॉड कुठाय म्हटलं तर मुकादम म्हणाला, “दोर हाय की ओ साहेब, चांगला जाड हाय.” हॅलोजन मी गेटवरूनच परत पाठवला. अशा बंदिस्त ओल्या जागी हातदिवा २४ व्होल्टच्या वर चालत नाही, हे त्या कायद्यातच होतं. त्यावरून तासभर हुज्जत. शेवटी आमच्याच इलेक्ट्रिकल स्टोअरमधून २४ व्होल्टच्या दिव्यासाठी छोटा ट्रान्सफॉर्मर निघाला. ट्रायपॉडसाठी मात्र माझ्याबरोबर डिप्लोमा केलेल्या एका मित्राला फोन लावला. तो दुसऱ्या कारखान्यात आहे. रात्री नऊला त्याने विंचसकट ट्रायपॉड आणि दोन हार्नेस पाठवून दिले, ना चलन ना गेटपास. म्हणजे दुसऱ्या दिवशी ज्याने जीव वाचला ते ना आमच्या पीओत होतं, ना कुणाच्या रेटमध्ये.

आता त्या टाकीबद्दल थोडं सांगतो, कारण इथे भलेभले फसतात. गटारीत गॅस असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. डाय हाउसच्या, म्हणजे रंगाई खात्याच्या, टाकीत तो कुठून येणार? ‘साबणाचं आणि रंगाचंच पाणी की!’ असं आमचा मेंटेनन्सवालासुद्धा म्हणतो. पण रिअॅक्टिव्ह रंग सुतावर चढवायला आपण ग्लोबर सॉल्ट ओततो, म्हणजे सोडियम सल्फेट, पोत्यांनी. डिसायझिंगमधून, म्हणजे कापडाची खळ धुऊन काढताना, खळीचा स्टार्च येतो. हवा चालू आहे तोवर ठीक. डिफ्यूजरना हवा देणारा ब्लोअर बंद पडला की तळाच्या गाळात बिनहवेचे जंतू माजतात. स्टार्च त्यांचं जेवण, आणि श्वासाला ऑक्सिजनच्या जागी ते सल्फेट वापरतात. त्यातून निघतो हायड्रोजन सल्फाइड. कारखान्याच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या कामासाठी आमचे ब्लोअर तीन दिवस बंद होते, वर सोलापूरचा मे. टाकी सुरक्षित करण्यासाठी जो शटडाउन घेतला, त्यानेच ती पिकवली. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड, त्यात गाळात बुडबुड्यांच्या रूपाने अडकून बसतो. वरून डिटेक्टर सोडला तर शून्य दाखवतो. फावडं मारलं की सुटतो.

सकाळी साडेसहाला टूलबॉक्स टॉक घेतला, म्हणजे कामाआधी धोके समजावून सांगायची बैठक, ऊन चढायच्या आत काम उरकावं म्हणून. सहा माणसं होती. चौघं कन्नड बोलणारे, एक तेलुगू आणि मुकादम तिन्ही भाषांत शिव्या देणारा. परमिट, म्हणजे टाकीत उतरायचा लेखी परवाना, अर्थात इंग्रजीत. मी मराठीत बोलत होतो, मुकादम कन्नडमध्ये सांगत होता. माझी पाच वाक्यं त्याच्या एका वाक्यात कशी बसत होती, देव जाणे.

आत उतरणारा माणूस पन्नाशीचा, वाळलेला, अक्कलकोटकडचा. आयुष्य विहिरी खोदण्यात गेलेलं. मी दोराच्या खुणा सांगायला लागलो, एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे वर घ्या, तर तो हसला. “विहिरीत हाडं झिजली साहेब. दोर मला काय शिकवालाव?” मग पिवळ्या गॅस डिटेक्टरकडे बघून म्हणाला, “हे ठीक हाय. कंदील सोडला का पण?”

मी त्याला समजावत बसलो. कंदील विझला तर ऑक्सिजन कमी आहे एवढंच कळतं, हा गॅस त्याने कळत नाही, उलट पेटणारा गॅस असला तर भडका उडेल. तो ऐकत होता, पण शाळेतल्या पोराचं पाठांतर ऐकावं तसा. शेवटी मी म्हटलं, “एवढंच लक्षात ठेवा. कुजक्या अंड्याचा वास आला तर वर यायचं. आणि येणारा वास एकदम बंद झाला, तर जास्त घाईने वर यायचं.” यावर मात्र त्याने मान वर केली. “बंद झाला तर?” म्हटलं, हो. शंभर पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर) आसपास हा गॅस नाकच मारतो. वास गेला म्हणजे गॅस गेला असं माणसाला वाटतं. मुकादमाने हे भाषांतरात गाळलं होतं. या विहीरवाल्याने स्वतःच ते इतर तिघांना कन्नडमध्ये सांगितलं.

ताजी हवा मारायला एका सुट्या ब्लोअरचा डक्ट एका मॅनहोलमधून तळापर्यंत सोडला. वर, मध्ये, तळाला अशी तीन रीडिंग घेतली. ऑक्सिजन २०.८ टक्के, एलईएल (पेटणाऱ्या गॅसचं माप) शून्य, एच-टू-एस, म्हणजे तो हायड्रोजन सल्फाइड, शून्य, शून्य, दोन पीपीएम. परमिटवर वेळ लिहिली ९:१०.

आमच्याकडे डिटेक्टर एकच. तो आतल्या माणसाच्या छातीवर असायला हवा. पण परमिटवर दर अर्ध्या तासाचं रीडिंग भरायचं असतं, आणि ते भरायला तो वर लागतो. मधला मार्ग म्हणून मी तो दोरीने टाकीत अर्ध्यावर लटकवला. या मधल्या मार्गाचा विचार मी अजून करतोय.

दहा-बारा मिनिटं सगळं ठीक होतं. बादल्या वर येत होत्या, काळा गाळ, लोण्यासारखा. मग तो कोपऱ्यातल्या पाइपाकडे सरकला, डिफ्यूजरच्या खालचा घट्ट थर फोडायला. डिटेक्टर किंचाळला. मी खाली वाकून पाहिलं, एच-टू-एस १४. पाहता पाहता ३८. त्याच क्षणी विंचच्या दोराला दोन हिसके बसले. अलार्मनंतर की आधी, यावर आमच्यात एकमत नाही. मला विचाराल तर आधी.

विंच फिरवायला दोघं लागले. ते हँडल एवढं सावकाश फिरतं याचा मला कधी राग आला नव्हता, तो त्या दिवशी आला. माणूस जागचा हलेना, पाय गाळात रुतलेला. डिटेक्टरवर ६१. तोही अर्ध्या उंचीवर. तो ओणवा होता तिथे, त्याच्या तोंडापाशी किती असेल, याचं रीडिंग कुठेच नाही.

आणि तेव्हाच त्याचा मेव्हणा, पंचविशीतला पोरगा, दुसऱ्या मॅनहोलच्या शिडीवरून आत उतरायला लागला. अंगावर काही नाही, दोर नाही. अशा टाक्यांमध्ये पहिल्यामागे दुसरा आणि दुसऱ्यामागे तिसरा असाच जातो, हे मी दर वर्षी ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, पोस्टर लावून सांगतो. प्रत्यक्षात पोरगा समोर कमरेपर्यंत आत गेला तेव्हा पोस्टर वगैरे काही आठवलं नाही. मी त्याची कॉलर धरली, ती फाटली, मग केस धरले. त्याने मला आईवरून शिवी दिली. मी सोडलं नाही. विंचवर कुणीतरी ओरडलं, “आला आला”, आणि मॅनहोलमधून विहीरवाल्याचं डोकं वर आलं. डोळे लाल, तोंडाला फेस, एका पायात बूट, दुसरा अनवाणी. सावलीत घेतलं, ऑक्सिजन लावला. दोनदा ओकला. बोलता आलं तेव्हा पहिलं वाक्य होतं, “वास गेला ओ.”

डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं, कारण या गॅसने फुफ्फुसात पाणी काही तासांनीही भरू शकतं. सकाळी फिट सर्टिफिकेट देऊन सोडलं.

खरी झटापट त्यानंतर, एचआरच्या केबिनमध्ये. गेटवर आमचा एक बोर्ड आहे, ‘अपघाताविना दिवस’. त्या दिवशी आकडा ४१२ होता. एचआरचं म्हणणं, दुसऱ्या दिवशी फिट आहे म्हणजे लॉस्ट टाइम नाही, इजेने कामाचा दिवस बुडालेला नाही, आणि तसंही तो आपल्या रोलवर नाही. पहिल्या मुद्द्यावर नियमाने तो बरोबर होता. दुसऱ्यावर मी कायद्यातली व्याख्या वाचून दाखवली. त्याने चहा मागवला. शेवटी ‘निअर मिस’, म्हणजे होता होता टळलेला अपघात, असं ठरलं, आणि फॉर्मवर इजेच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं गेलं. सकाळी वॉचमनने ४१३ लावला.

मी माझा रिपोर्ट मात्र पूर्ण लिहिला, चार पानं. डिटेक्टर एकच होता, ट्रायपॉड बाहेरून मागून आणला, पीओतली ओळ रेटमध्ये विरघळली, सगळं. त्यात त्या माणसाचा जबाबही जोडला, नावासकट. माझ्या दृष्टीने तो त्या दिवसाचा सगळ्यात हुशार माणूस होता, आणि ते कागदावर यावं असं मला वाटलं.

वरून त्याच रिपोर्टची प्रत नोटीस म्हणून ठेकेदाराला गेली. ठेकेदाराने त्यातली नावं वाचली. पुढच्या सोमवारी गँगमध्ये विहीरवालाही नव्हता आणि मेव्हणाही. मुकादमाला विचारलं तर म्हणाला, “अंगात दम नाही राहिला त्याच्या. आन् साहेब, जबाब देणारी माणसं कोन ठेवतंय बे… ओ, म्हंजे, कोन ठेवतंय ओ?”

उरलेला गाळ सक्शन टँकर लावून काढला. माणूस आत न घालता. ते आधीही करता आलं असतं, पण आधी बजेट नव्हतं. टँकरच्या जाळीत त्याचा गमबूट सापडला, डाव्या पायाचा, नऊ नंबर. धुऊन माझ्या केबिनमध्ये ठेवलाय.

मुकादमाकडून नंबर मिळवायला महिना लागला. फोन केला तेव्हा तो दुधनीच्या बाजूला कुठेतरी विहिरीवर होता. मागे कंप्रेसर चालू. तब्येत विचारली, बरी आहे म्हणाला. जबाबाचं बोलायला गेलो तर त्याने विषय तोडला. बूट सापडल्याचं सांगितलं. म्हणाला, “त्याचे साडेतीनशे कापले की पगारातनं.” मी म्हटलं, पैसे मी देतो, बूट पाठवून देतो. “एका बुटाचं काय करू ओ?”

मग जरा थांबून त्याने विचारलं, “साहेब, ते पिवळं यंत्र केवढ्याला मिळतं?”

सांगितलं. तिकडून बराच वेळ नुसता कंप्रेसरचा आवाज येत राहिला.