चौकोनी ग्रह का नसतो? तुम्ही विचारलंत म्हणून

दुर्बिणीवर गुरू लावून दिला की लोक आधी त्याचे चंद्र मोजतात, मग पट्टे दिसतात का ते बघतात, आणि डोळा बाजूला घेता घेता विचारतात, "पण सगळे ग्रह गोलच का असतात हो?" सोलापुरात आमच्या गच्चीवर शाळकरी पोरांनी हा प्रश्न विचारलाय, आणि बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनीही. एकदा तर रांगेतला एक मुलगा पुढच्याला सांगत होता, "असेल की बे एखादा चौकोनीपण, कुठंतर लांब." त्याच्यासाठी आणि काकांसाठी मिळून हे उत्तर.

"निसर्गाला गोल आकार आवडतो" असं सांगून काही जण मोकळे होतात. मला ते पटत नाही, कारण निसर्गात वेडेवाकडे दगडच जास्त. इरॉस नावाचा लघुग्रह ३४ किलोमीटर लांब आणि जेमतेम ११ किलोमीटर रुंद आहे. मंगळाचा चंद्र फोबोस ओबडधोबड आहे. २०१४ साली रोझेटा यान ज्या धूमकेतूपाशी पोचलं, तो मधे बारीक आणि दोन्हीकडे फुगलेला निघाला. सूर्याभोवती असले लाखो धोंडे फिरतात आणि त्यांच्यात गोल म्हणावेत असे मोजकेच सापडतात. ते मोजके सगळे आकाराने मोठे आहेत. तेव्हा मी प्रश्न थोडा फिरवून घेतो: किती मोठं झाल्यावर दगडाला वेडंवाकडं राहणं जमत नाही?

गुरुत्वाकर्षणात प्रत्येक कण दुसऱ्या प्रत्येक कणाला ओढतो. मोठ्या गोळ्यात या सगळ्या ओढींची बेरीज केली की एकूण ओढ मध्याकडे येते. मार्केट यार्डात ज्वारीची रास घालताना बघा. वरून पोतं ओतत गेलं की टोक वर चढतं, पण उतार फार तीव्र झाला की दाणे घरंगळतात आणि रास रुंदावते. कितीही ओता, तिचा खांब होत नाही. तिथे ओढ एकाच दिशेने, जमिनीकडे, म्हणून आकार शंकूचा. आता खाली जमीनच नाही आणि चहूबाजूंनी ओढ एकाच बिंदूकडे आहे, अशी रास मनात आणा. जिथे उंचवटा असेल तिथला माल सरकणार आणि खळग्यात भरणार. पृष्ठभाग सगळीकडून मध्यापासून सारख्या अंतरावर आला की घसरायला उतारच राहत नाही. झाला गोळा.

यावर कोणीतरी लगेच म्हणतं, "सर, दगड म्हणजे ज्वारी नाही." बरोबर आहे. आपल्या भुईकोट किल्ल्याचे बुरूज शतकानुशतकं उभे आहेत, ते काही घरंगळून गोल झाले नाहीत. दगडाला ताकद असते. ती कुठवर पुरते याचा हिशेब कागदावर करता येतो, आणि मला या सगळ्या विषयात तोच सर्वात जास्त आवडतो.

सोलापूरच्या जमिनीखाली जो काळा पाषाण आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून थिजलेला, तो बसाल्ट. चांगल्या प्रतीचा असेल तर एका चौरस सेंटिमीटरवर साधारण अडीच टन भार आला की तो चिरडतो. आता एक चौरस सेंटिमीटर जाडीचा आणि एक किलोमीटर उंचीचा बसाल्टचा खांब घ्या. त्याचं वजन भरतं सुमारे २९० किलो. म्हणजे खांब साडेआठ-नऊ किलोमीटर उंच झाला की स्वतःच्याच वजनाने त्याचा बुंधा फुटणार. डोंगर काही सरळ खांब नसतो, त्याचा पाया रुंद असतो, आणि त्याच्या भाराने खालचं कवचही दबतं. तरी ढोबळ अंदाज म्हणून हे उत्तर घ्या आणि एव्हरेस्टची उंची आठवा: ८,८४९ मीटर. मंगळावर गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्केच, म्हणजे तिथे तोच खांब अडीच पटींहून जास्त उंच चालेल. मंगळावरचा ऑलिम्पस मॉन्स हा ज्वालामुखी सुमारे २२ किलोमीटर उंच आहे. शाळेतल्या भागाकारातून दोन ग्रहांचे डोंगर निघतात, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसलो होतो.

आता त्या मुलाचा चौकोनी ग्रह. पृथ्वी आहे तेवढीच ठेवून तिचा ठोकळा केला, तर त्याची बाजू सुमारे १०,२७० किलोमीटरची होईल. बाजूचा मधला भाग केंद्रापासून ५,१३५ किलोमीटरवर, तर कोपरा जवळजवळ ८,९०० किलोमीटरवर. म्हणजे प्रत्येक कोपरा हा पावणेचार हजार किलोमीटर उंचीचा डोंगर झाला, आणि असे आठ! नऊ किलोमीटरला दमणारा दगड हे पेलणार कसं? समुद्र आणि बरीचशी हवा बाजूंच्या मधोमध गोळा होईल. मधून कोपऱ्याकडे चालत निघालेल्याला जमीन सपाट असूनही चढ लागेल, आणि तो वाढतच जाईल. ही सगळी मजा फार टिकणार नाही, कारण कोपरे ढासळून मधे येतील आणि पुन्हा गोळाच होईल.

छोट्या दगडांचं असं होत नाही, कारण त्यांचं वजनच कमी पडतं. गोळ्याची त्रिज्या दुप्पट केली तर त्याच्या मध्यावरचा दाब चौपट होतो, पण दगडाची ताकद आहे तेवढीच राहते. म्हणून कुठेतरी दाब तिला गाठतोच. बर्फ लवकर हार मानतो: शनीचा बर्फाळ चंद्र मिमास जेमतेम ३९६ किलोमीटर व्यासाचा असून गोल आहे. दगडाला जास्त आकार लागतो. वेस्टा हा लघुग्रह सरासरी ५२५ किलोमीटरचा, पण पुरता गोल नाही. त्याच्या दक्षिणेला एका धडकेने प्रचंड खड्डा पाडलाय आणि तो तसाच राहिलाय. सेरेस सुमारे ९४० किलोमीटरचा, तो मात्र छान गोल. नेमकी रेघ कुठेच नाही. नेपच्यूनचा चंद्र प्रोटिअस मिमासपेक्षा मोठा असूनही वेडावाकडाच आहे, कारण आयुष्यात कोण किती तापलं यावरही पुष्कळ ठरतं. पृथ्वी तर सुरुवातीला इतकी तापलेली होती की लोखंड वितळून मध्यात जाऊन बसलं.

आणि आजही, पायाखालचा घट्ट दगड लाखो वर्षांच्या हिशेबात वाहतो. स्कँडिनेव्हियावर हिमयुगात बर्फाचा जाड थर होता, त्याच्या भाराने जमीन दबली. तो बर्फ वितळून हजारो वर्षं झाली, तरी बोथ्नियाच्या आखाताकाठची जमीन अजून वर्षाला जवळपास एक सेंटिमीटर वर येते आहे.

एवढं सांगून झाल्यावर मी हळूच सांगतो की ग्रह तसे पुरते गोल नसतातच. कारण फिरणं. सोलापूर या क्षणी पृथ्वीबरोबर पूर्वेकडे ताशी सुमारे १,५९० किलोमीटर वेगाने चाललंय, विषुववृत्तावर हा वेग १,६७० आहे, ध्रुवावर शून्य. त्यामुळे पृथ्वी कमरेशी फुगली आहे. विषुववृत्तावरचा व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटरनी जास्त. पावणेतेरा हजारांत ४३ म्हणजे नजरेला कळणारही नाही, पण घड्याळाला कळलं. १६७२ साली झां रिशेर हा फ्रेंच खगोलज्ञ विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला, तर त्याचं लंबकाचं घड्याळ पॅरिसच्या मानाने रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. न्यूटनने १६८७ मध्ये त्याचा अर्थ लावला: तिथे ओढच थोडी कमी आहे. त्याच हिशेबाने, ध्रुवावर स्प्रिंगच्या काट्यावर शंभर किलो भरलेली ज्वारी विषुववृत्तावर अर्ध्या किलोने कमी भरेल. (तराजूत वजनं टाकून मोजलीत तर फरक दिसणार नाही, वजनंही तेवढीच हलकी होतात. व्यापाऱ्यांनी उगाच स्वप्नं बघू नयेत.)

पृथ्वी नेमकी किती चपटी हे मोजण्याच्या कामाचा एक धागा महाराष्ट्रातही आहे. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासहून भारताचं त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं, त्यात पृथ्वीचा बाक मोजणं हा मोठा हेतू होता. रेघ उत्तरेकडे नेत नेत तो वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला पोचला आणि १८२३ मध्ये तिथेच वारला.

वेगाने फिरणाऱ्यांचं चपटेपण मात्र उघड दिसतं. शनीचा दिवस साडेदहा तासांचा, आणि तो ध्रुवांकडे जवळजवळ दहा टक्के दबलेला आहे. हौमेया हा बटुग्रह चार तासांत एक फेरी मारतो, तो तर लांबटच झालाय.

शनीचं चपटेपण कड्यांमुळे पटकन लक्षात येत नाही, म्हणून गुरू घ्या. दहा तासांपेक्षा थोड्या कमी वेळात तो फिरतो. साध्या छोट्या दुर्बिणीला मोबाइल लावून त्याचा फोटो काढा, मोठा करा आणि पट्टी लावून मोजा. गुरूवरच्या पट्ट्यांच्या दिशेने १५ भरलं, तर त्यांना काटकोनात १४च भरेल. हवा स्थिर नसेल तर कडा थरथरतात, तेव्हा चार-पाच फोटो काढून सरासरी घ्या, आणि गुरू डोक्यावर आलेला असताना काढा, क्षितिजाजवळ नको.