सिग्नलची वर्गवारी, दुसरी फेरी: रिकामी की, स्टॉप लाइन आणि लुकलुकणारा पिवळा

ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांनी मिळून भरलेल्या खुल्या नकाशातल्या सिग्नलच्या वर्गवारीची दुसरी फेरी चालू आहे. पहिल्या फेरीत सिग्नल असलेल्या ठिकाणी हायवे=ट्रॅफिक_सिग्नल्स हा टॅग (की=व्हॅल्यू अशी नोंद) असलेला नोड, म्हणजे नकाशातला बिंदू, आहे की नाही, एवढंच पाहिलं होतं. आता प्रश्न प्रकाराचा. तो ट्रॅफिक_सिग्नल्स या वेगळ्या कीमध्ये लिहायचा असतो आणि असंख्य नोडवर ती की रिकामी असते.

रिकामी की म्हणजे ‘साधा सिग्नल’ नव्हे. ‘अजून कुणी पाहिलेलं नाही’ एवढाच तिचा अर्थ. म्हणून उरलेल्या सगळ्या नोडना एका दमात ‘सिग्नल’ ही व्हॅल्यू लावून मोकळं होणं, हे या कामातलं सर्वांत मोठं नुकसान. एकदा ती भरली की तपासलेला नोड कोणता आणि न तपासलेला कोणता, हे कळायला मार्ग उरत नाही. पूर्वचर्चेशिवाय अशी घाऊक भर घालणं स्वयंचलित संपादनाच्या नियमांतही बसत नाही. खात्री नसेल तर की रिकामीच राहू द्या. ती रिकामी असणं हीसुद्धा उपयोगाची माहिती आहे.

वर्गवारीची कसोटी एकच ठेवली आहे: त्या जागी वाहनाला काय आज्ञा मिळते? खांबाचा आकार, दिव्यांची संख्या, कमान आहे की नाही, हे सगळं त्यानंतर. तीन दिवे असलेला खांब चौकात असेल तर ‘सिग्नल’, मोटरवेच्या जोडरस्त्यावर एकेक गाडी सोडत असेल तर ‘रॅम्प_मीटर’, आणि अग्निशमन केंद्रासमोर फक्त बंब निघताना लाल होत असेल तर ‘इमर्जन्सी’. खांब तिन्हीकडे जवळपास सारखा दिसू शकतो. लेनच्या डोक्यावर लावलेले हिरवे बाण आणि लाल फुल्या मात्र या वर्गवारीत घेऊ नका. ते लेन चालू की बंद एवढंच सांगतात, तिथे कुणी हिरव्याची वाट पाहत थांबत नाही.

कामाचा क्रम असा ठेवला आहे. ओव्हरपास या नकाशातली माहिती शोधून देणाऱ्या सेवेतून हव्या त्या चौकटीतले, सिग्नल असलेले पण प्रकार नसलेले नोड आणि ते ज्या रस्त्यांवर आहेत ते वे (रस्त्याच्या रेषा), दोन्ही उतरवून घ्यायचे. नुसते नोड उतरवले तर पुढचं काहीच करता येत नाही, कारण नोड किती वेंवर आहे यावर निम्मी छाननी अवलंबून आहे. जोसम या नकाशा-संपादकात शोधाला वेंची संख्या देता येते. दोन किंवा जास्त वेंवरचे नोड बहुतांशी चौकाच्या मध्यावर ठेवलेले असतात, एकाच वेवरचे स्टॉप लाइनवर किंवा चौकाबाहेरच्या पादचारी मार्गावर. मोटरवे_लिंकवरचे (मोटरवेच्या जोडरस्त्यावरचे), रेल्वे फाटकाजवळचे आणि अग्निशमन केंद्राजवळचे नोड आधीच वेगळे काढायचे. संख्येने ते थोडे असतात, पण चुका तिथेच जास्त सापडतात.

स्टॉप लाइनचा मुद्दा सविस्तर घ्यायला हवा. दोन दुभाजित रस्ते जिथे छेदतात तिथे नकाशात चार छेदबिंदू होतात आणि जुन्या पद्धतीत चारहींवर सिग्नल ठेवलेला असतो. मग जवळच्या बाजूला वळणाऱ्या गाडीला १ सिग्नल लागतो, सरळ जाणारीला २, आणि लांबच्या बाजूला वळणारीला ३. ओएसआरएम या मार्ग शोधणाऱ्या प्रणालीच्या कार प्रोफाइलमध्ये दर सिग्नलमागे २ सेकंदांची भर आहे. म्हणजे चौक एकच असून वेळ मात्र दुप्पट-तिप्पट मोजला जातो. नोड प्रत्येक येणाऱ्या रस्त्याच्या स्टॉप लाइनवर ठेवला की तिन्ही गाड्यांना एकेकच सिग्नल मिळतो. चौकाच्या पोटात खरोखर दुसरी स्टॉप लाइन आखलेली असेल, तरच तिथे आणखी एक नोड.

दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ट्रॅफिक_सिग्नल्स:डिरेक्शन ही की हवीच. नाहीतर चौकातून बाहेर पडणारी गाडीही त्याच नोडवरून जाते आणि तिच्या खात्यातही सिग्नल जमा होतो. फॉरवर्ड की बॅकवर्ड हे वे ज्या दिशेने आखला आहे त्यावरून ठरतं, चौकाकडे तोंड करून नव्हे. गफलत नेहमी इथेच होते. जोसममध्ये वेवरचे बाण दिसू द्या, बाण चौकाकडे जात असेल तर फॉरवर्ड, चौकातून बाहेर येत असेल तर बॅकवर्ड.

वे मधोमध तोडला की दिशा धूसर होते. स्टॉप लाइनपाशी लेनची संख्या बदलते म्हणून रस्ता नेमका त्याच नोडवर तोडण्याचा मोह होतो. मग नोड दोन वेंचा होतो, आणि दोन्ही वे उलट-सुलट दिशांनी आखलेले असतील तर फॉरवर्ड कुणाच्या हिशेबाने, हे यंत्राला कळत नाही. तोडण्याची जागा एक-दोन मीटर सरकवली की प्रश्न सुटतो. वेची दिशा उलटवल्यावर त्यावरच्या नोडची दिशाही तपासा. आणखी एक सर्रास दिसणारी चूक: स्टॉप लाइनवर नवे नोड ठेवले, पण मधला जुना तसाच राहिला. सगळ्या बाजू पूर्ण झाल्याशिवाय मधला काढू नका, आणि झाल्यावर विसरू नका.

पादचारी सिग्नलचे दोन प्रकार मान्य आहेत. एकाच नोडवर हायवे=ट्रॅफिक_सिग्नल्स आणि जोडीला क्रॉसिंग=ट्रॅफिक_सिग्नल्स; किंवा वाहनांची स्टॉप लाइन वेगळी आणि हायवे=क्रॉसिंगचा नोड वेगळा. दुसरा प्रकार नेमका, म्हणून शक्य तिथे तोच. एका हायवे कीमध्ये अर्धविराम घालून दोन्ही व्हॅल्यू कोंबू नका, अनेक राउटर (मार्ग शोधणाऱ्या प्रणाली) असा नोड ओळखतच नाहीत. बटण, आवाज आणि कंपन यांच्या कीही क्रॉसिंगवरच ठेवा. दृष्टिहीन व्यक्तीला रस्ता ओलांडायचा की दूरचा वळसा घ्यायचा, हे त्या नोंदीवर ठरतं, म्हणून ही माहिती फोटोवरून अंदाजाने भरायची नाही. जागेवर जाऊन बटणाला हात लावूनच. स्ट्रीटकम्प्लीट ॲप नेमके हेच प्रश्न विचारतं.

फोटोवरून काम करताना, अर्थात ज्यांचा परवाना मॅपिंगला मुभा देतो अशाच फोटोंवरून, सर्वांत जास्त फसवतो तो लुकलुकणारा पिवळा. एका फोटोत पेटलेला पिवळा हा बदलता सिग्नल आहे की ‘ब्लिंकर’, म्हणजे नुसता लुकलुकणारा इशाऱ्याचा दिवा, ते सांगता येत नाही. लागोपाठचे निदान तीन फोटो पाहा आणि दिवे मोजा. एक किंवा दोनच दिवे असतील तर ब्लिंकरची शक्यता बळावते. रात्रीपुरता लुकलुकणारा तीन दिव्यांचा सिग्नल मात्र ‘सिग्नल’च.

याच्या उलट फसवणूक एलईडीची. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारे काही एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा चमकतात. डोळ्यांना ते अखंड दिसतं, पण कॅमेऱ्याचं शटर वेगवान असेल तर नेमका विझलेला क्षण टिपला जातो आणि सिग्नल बंद पडलेला वाटतो. एका काळ्या फोटोवरून ‘वापरात नाही’ असं सांगणारा डिसयूज्ड: हा उपसर्ग लावू नका. वेगवेगळ्या दिवशीच्या फोटोंत तिन्ही दिवे काळे दिसले, किंवा दिव्यांवर कापड बांधलेलं असेल, तरच लावा.

मॅपिलरी या रस्त्यांच्या फोटोंच्या सेवेने आपोआप ओळखलेले सिग्नलचे ठिपके इशारा म्हणून उत्तम, जागा म्हणून नाही. ठिपका दिव्याच्या जागी पडतो, आणि दिवा कित्येकदा चौकाच्या पलीकडे असतो.

आता चालू आहे ते एकाच चौकाचे नोड गटात बांधणं. डीबीस्कॅन या जवळचे बिंदू गटात बांधणाऱ्या पद्धतीला सुरुवातीचं अंतर ३० मीटर दिलं आहे. हॅव्हरसाइन हे गोलावरचं अंतर मोजणारं सूत्र वापरताना अंतर रेडियनमध्ये लागतं: ३० भागिले पृथ्वीची त्रिज्या ६३,७१,००० मीटर, म्हणजे साधारण ०.०००००४७. अंशांत थेट मोजलं तर ६० अक्षांशावर पूर्व-पश्चिम अंतर निम्म्यावर येतं आणि गट वेडेवाकडे पडतात. रुंद दुभाजकाच्या चौकांना ३० मीटर अपुरे पडतात, पण ५० केले की शेजारचा पादचारी सिग्नलही गटात ओढला जातो. म्हणून अंतर ३०च ठेवून, तुटलेले गट चौकातल्या छोट्या जोड-वेंच्या आधारे हाताने जोडायचे. पुढच्या फेरीत रेल्वे फाटकं: तिथला लुकलुकता लाल क्रॉसिंग:लाइट=येस म्हणून रेल्वे=लेव्हल_क्रॉसिंगच्या नोडवर जातो, आणि रस्त्याचा सिग्नल म्हणून चुकून लावलेले टॅग एकेक पाहून काढायचे आहेत.